मिनारचा नकाशा मराठी तक्त्यावर: चित्र खरे, मथळा चुकीचा

नेपोलियनच्या १८१२ मधील रशिया-मोहिमेवरचा शार्ल जोसेफ मिनार यांचा प्रसिद्ध नकाशा आता मराठी नोंदींसह, भिंतीवर टांगता येईल अशा तक्त्याच्या रूपात मिळू लागला आहे. अमळनेरच्या आमच्या अभ्यासिकेसाठी आम्ही तो जळगावातील एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून घेतला. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली रोज त्याच्यासमोर बसतात आणि त्यावर छापलेले प्रत्येक वाक्य आज ना उद्या कोणाच्या तरी वहीत उतरणार आहे, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. तक्त्यात ज्या चुका आढळल्या त्या प्रकाशकांना पत्राने कळवल्या आहेत, त्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही. माझे मत आधीच सांगतो: नकाशासाठी हा तक्ता अवश्य घ्यावा, परंतु त्याच्या मथळ्यावर आणि उजवीकडच्या माहितीच्या चौकटीवर विसंबू नये. मथळ्यात नेपोलियनच्या सेनेच्या नाशाचे सगळे खापर रशियाच्या हिवाळ्यावर फोडलेले आहे, आणि त्याच्याच खाली छापलेला नकाशा ते म्हणणे आकड्यांनिशी खोडून काढतो.

मिनार हे फ्रान्सच्या पूल व रस्ते खात्यातील अभियंते होते. त्यांचा जन्म १७८१ चा. रेल्वे, कालवे आणि रस्ते यांवरून किती माल व किती प्रवासी जातात, हे पट्टीच्या जाडीने दाखवणारे अनेक नकाशे त्यांनी काढले होते. तीच रीत त्यांनी उतारवयात सेनेच्या नाशाला लावली. या नकाशावर २० नोव्हेंबर १८६९ ही तारीख आहे; तेव्हा ते ८८ वर्षांचे होते आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या माणसाने आयुष्यभर वाहतुकीचे हिशेब केले, त्याला सेनापतीच्या पराक्रमापेक्षा वाटेत गळलेली माणसे मोजावीशी वाटली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नकाशात नेपोलियनचे चित्र नाही, तोफा नाहीत, निशाणे नाहीत. आहेत त्या फक्त माणसांच्या संख्या.

तक्ता वाचण्याची रीत अवघड नाही. डावीकडे तेव्हाच्या रशियाच्या सरहद्दीवरची नेमान नदी, उजवीकडे मॉस्को. फिकट बदामी पट्टी ही रशियात शिरणाऱ्या सेनेची, काळी पट्टी ही परतणाऱ्या सेनेची. पट्टीची रुंदी म्हणजे त्या ठिकाणी सेनेत उरलेली माणसे. अगदी खाली परतीच्या वाटेवरचे तापमान दाखवणारी रेषा आहे आणि तिच्यापासून वरच्या काळ्या पट्टीपर्यंत उभ्या बारीक रेषा नेलेल्या आहेत, त्यामुळे कोणत्या गावाजवळ किती थंडी होती हे एका नजरेत कळते.

आता हाच नकाशा घाई न करता डावीकडून वाचू. नेमानकाठी आकडा आहे ४,२२,०००. सेनेने नदी ओलांडायला सुरुवात केली २४ जून १८१२ रोजी, म्हणजे भर उन्हाळ्यात. थोड्या अंतरावर २२,००० आणि ६०,००० माणसांच्या दोन तुकड्या उत्तरेकडे वळतात आणि मुख्य पट्टीत ३,४०,००० माणसे राहतात. तेथून पुढे फाल्गुन-चैत्रात गिरणेचे पात्र आटत जावे तशी ही पट्टी आटत जाते. जुलैअखेर विटेब्स्क येते तोवर १,७५,०००. स्मोलेन्स्कला १,४५,०००. बोरोदिनोच्या रणभूमीच्या अलीकडे १,२७,१००. मॉस्कोत १,००,०००. मुख्य सेनेतील २,४०,००० माणसे जाण्याच्या वाटेवरच कमी झाली. त्यांतील काही वाटेतल्या ठाण्यांवर ठेवली गेली होती, हे खरे आहे. पण नेमान ते विटेब्स्क या पाच आठवड्यांच्या वाटचालीत पट्टी जवळजवळ निम्मी झाली, तेव्हा निर्णायक म्हणावी अशी एकही लढाई झालेली नव्हती आणि बर्फाचा कणही पडलेला नव्हता.

मग ही माणसे गेली कोठे? याचे उत्तर तक्त्याच्या माहितीच्या चौकटीत एका ओळीतही नाही, आणि मला ती तक्त्याची सर्वांत मोठी उणीव वाटते. नेपोलियनने पुरवठ्याची तयारी केली नव्हती असे नाही. धान्याची कोठारे भरली होती, हजारो गाड्या जोडल्या होत्या. परंतु त्या जड गाड्या पश्चिम युरोपातल्या पक्क्या सडकांवर चालणाऱ्या होत्या. लिथुआनियाच्या वाळूत आणि चिखलात त्या मागे पडल्या, आणि सेना आपल्याच अन्नापासून तुटून पुढे निघाली. जूनअखेरच्या वादळी पावसाने आणि राय नावाच्या धान्याच्या हिरव्या, कच्च्या चाऱ्याने हजारो घोडे मेले. घोडे मेले म्हणजे गाड्या थांबल्या, गाड्या थांबल्या म्हणजे भाकरी थांबली. त्यापाठोपाठ प्रखर ऊन, धूळ, गढूळ पाणी, हगवण आणि उवांमुळे पसरणारा टायफस. भुकेलेले शिपाई लूट करायला रांगेबाहेर पडले, त्यांतले कितीतरी परतलेच नाहीत. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात पाठीवर ओझे घेऊन, पोटात धड अन्न नसताना, अशुद्ध पाणी पीत रोज कित्येक कोस चालणे म्हणजे काय, हे खानदेशातल्या वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. रशियाचा उन्हाळा आपल्याइतका कडक नसतो, पण सेनेला मारायला तो पुरेसा ठरला.

हे सगळे घडत असताना थांबता आले असते. कोलँकूर हे पूर्वी सेंट पीटर्सबर्गला फ्रान्सचे राजदूत होते. त्यांनी बादशहाला या मोहिमेच्या धोक्यांची आधीच स्पष्ट कल्पना दिली होती. विटेब्स्कला मुक्काम पडला तेव्हा यंदा येथेच थांबावे, असाही विचार झाला होता. पण सारी योजनाच या गृहीतकावर उभी होती की सरहद्दीजवळ काही आठवड्यांत एक मोठी लढाई होईल, ती आपण जिंकू आणि झार तहाला येईल. रशियन सेना मागे हटत गेली आणि प्रत्येक माघारीनंतर ती लढाई आणखी एका गावापलीकडे आहे असे वाटत राहिले. पूर्वीच्या विजयांनी दिलेला आत्मविश्वास येथे हिशेबाच्या जागी येऊन बसला. नकाशावरची बदामी पट्टी त्या गृहीतकाची किंमत दाखवते, आणि म्हणूनच विद्यार्थ्यांनी आधी तिच्यासमोर उभे राहावे, काळ्या पट्टीसमोर नंतर, असा माझा आग्रह आहे.

बोरोदिनोची लढाई ७ सप्टेंबरला झाली आणि १४ सप्टेंबरला फ्रेंच सेना मॉस्कोत शिरली. शहराला आग लागली, बराचसा भाग जळाला, आणि झार अलेक्झांडर तहाचा निरोप पाठवील या आशेवर नेपोलियन तेथे १९ ऑक्टोबरपर्यंत थांबला. निरोप आला नाही. हे पाच आठवडे नकाशावर दिसत नाहीत, कारण मिनार यांची पट्टी फक्त अंतर दाखवते, थांबणे दाखवत नाही. मराठी नोंदींमध्ये मॉस्कोच्या नावाखाली या दोन तारखा छापल्या असत्या तर ही उणीव सहज भरून निघाली असती. थंडी कोणत्या महिन्यात येते हे रशियात कोणापासून लपलेले नव्हते. त्या वर्षी तर ऑक्टोबरच्या पूर्वार्धात हवा सौम्य होती, आणि त्या सौम्य हवेने निष्काळजीपणाला आणखी बळ दिले. बर्फावर न घसरणारे नाल घोड्यांना ठोकलेले नव्हते, लोकरीच्या कपड्यांची तजवीज पुरेशी नव्हती, आणि गाड्यांत अन्नापेक्षा लुटीचा माल अधिक होता.

काळ्या पट्टीचे पहिले वळणही नीट पाहण्यासारखे आहे. मॉस्कोहून निघालेली सेना दक्षिणेकडे, अजून न लुटलेल्या मुलखाकडे वळली होती. २४ ऑक्टोबरला मालोयारोस्लाव्हेत्स येथे लढाई झाली आणि त्यानंतर ती पुन्हा जुन्याच, दोन्ही सैन्यांनी ओरबाडून संपवलेल्या स्मोलेन्स्कच्या वाटेवर आली. तापमानाच्या रेषेवर त्या दिवसाची नोंद फक्त पाऊस अशी आहे. वियाझ्मा मागे पडेपर्यंत १,००,००० चे ५५,००० झाले, आणि रेषेवर शून्याखालची पहिली नोंद, उणे ९, आहे ९ नोव्हेंबरची. म्हणजे परतीच्या वाटेवरही निम्म्याच्या जवळपास सेना कडाका सुरू होण्याच्या आधी गळालेली होती. मथळा लिहिणाऱ्याने एवढे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहिले असते तर तो मथळा छापला गेला नसता.

येथून पुढे मात्र थंडीचे काम खरेच भयंकर आहे आणि ते कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. स्मोलेन्स्कला ३७,०००, १४ नोव्हेंबरला उणे २१. मग २४,०००, मग २०,०००. शेवटी ६ डिसेंबरला उणे ३०. याच ठिकाणी मराठी तक्त्यात एक गंभीर चूक आहे. मिनार यांचे अंश रोमर मापनातले आहेत, आणि नोंदीत ते सेल्सियस म्हणून छापले आहेत. रोमर मापनात पाणी शून्यावर गोठते आणि ८० वर उकळते, त्यामुळे त्याला सव्वाने गुणले की सेल्सियस मिळते. उणे २१ म्हणजे उणे २६ सेल्सियसहून थोडे खाली, आणि उणे ३० म्हणजे उणे ३७.५. धुळे-जळगावकडे पारा आठ-दहा अंशांवर आला की आपण शेकोट्या पेटवतो, केळीच्या बागांना रात्री पाणी देऊन आणि कडेने धूर करून जपतो. आपल्या मनात थंडीचे माप तेवढेच असते, म्हणून उणे ३० आणि उणे ३७.५ यांतला फरक केवळ कागदावरचा वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही. उपाशी, ओल्या कपड्यांत रात्र काढणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे साडेसात अंश पहाटे उठणे आणि न उठणे ठरवतात. शिवाय परीक्षेत कोणी ही संख्या लिहिली तर ती चुकीची लिहिली जाईल, ही शिक्षक म्हणून माझी वेगळी काळजी.

बेरेझिना नदीजवळ नकाशा थोडा गोंधळात टाकतो, कारण तेथे काळी पट्टी एकदम जाड होते. सुरुवातीला उत्तरेकडे, पोलोत्स्ककडे, वळलेल्या ६०,००० च्या तुकडीतले सुमारे ३०,००० येथे येऊन मिळतात, म्हणून २०,००० चे ५०,००० होतात. आणि नदी ओलांडल्यावर उरतात २८,०००. या ठिकाणी थंडीने नाही, तर थंडी मधेच ओसरल्याने घात केला, हे तक्त्यात कुठेच सांगितलेले नाही. उणे २१ नंतरच्या नोंदीत पारा उणे ११ पर्यंत चढलेला दिसतो. नदी घट्ट गोठलेली असती तर सेना बर्फावरून चालत गेली असती. ती गोठलेली नव्हती, आणि पुलाचे सामान नेपोलियनने काही दिवसांपूर्वीच ओर्शा येथे जाळून टाकायला लावले होते. पूल बांधणाऱ्या दलाचे प्रमुख जनरल एब्ले यांनी मात्र हत्यारे, लोहाराच्या भट्ट्या आणि कोळशाच्या गाड्या मागे ठेवून घेतल्या होत्या. त्यांच्या माणसांनी स्तुदियांका गावातली लाकडी घरे मोडून, छातीएवढ्या बर्फाळ पाण्यात उभे राहून पूल उभे केले. त्यांतले बहुतेक त्या थंडीने किंवा तिच्यामागून आलेल्या आजाराने गेले. स्वतः एब्ले डिसेंबर संपता संपता वारले. साऱ्या मोहिमेत ज्याने सगळे सुरळीत होईल असे गृहीत धरले नाही असा हा एक माणूस, आणि जे वाचले ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे वाचले. तक्त्यावर त्याचे नाव नाही. मी तेथे एक लहान चिठ्ठी लिहून चिकटवली आहे.

२८,००० चे मोलोदेच्नोजवळ १२,००० झाले. ५ डिसेंबरला नेपोलियन सेना सोडून पॅरिसकडे निघून गेला. वाटेत १२,००० चेही ४,००० झाले; मागे राहिलेल्या एका बाजूच्या तुकडीतले ६,००० येऊन मिळाल्यावर नेमानकाठी शेवटचा आकडा उरतो १०,०००. आजच्या विल्नियस शहरात २००१ मध्ये या सेनेची एक मोठी सामूहिक कबर सापडली. तिथल्या अवशेषांत उवांमुळे पसरणाऱ्या रोगांच्या खुणा शास्त्रज्ञांना मिळाल्या आहेत. उन्हाळ्यात सेनेला जडलेला रोगांचा संसर्ग डिसेंबरातही तिच्याबरोबर चालत होता.

येथे मिनार यांच्या मूळ नकाशावरही एक आक्षेप नोंदवायला हवा. त्यांनी तापमानाची रेषा फक्त परतीच्या वाटेखाली दिली. जाण्याच्या वाटेवरचे ऊन, पाऊस, रोगराई यांना तक्त्यात कोणतीच जागा नाही. त्यामुळे पाहणाऱ्याची नजर काळ्या पट्टीकडून थेट थंडीच्या रेषेवर उतरते आणि कारण सापडल्याचे समाधान घेऊन तेथेच थांबते. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांनी पहिल्या दिवशी नेमके तेच केले. सेना का संपली, या प्रश्नाला सगळ्यांचे उत्तर थंडी हे आले. मग त्यांना फूटपट्टी दिली आणि मॉस्कोपर्यंतची रुंदी व परतीची रुंदी वेगवेगळी मोजायला सांगितली, तेव्हा चर्चा निराळ्या वाटेने गेली. मुख्य सेनेची जाण्याच्या वाटेवरची घट २,४०,०००; परतीच्या वाटेवर, येऊन मिळालेल्या तुकड्या धरूनही, १,२६,०००. हा हिशेब मुलांनीच फळ्यावर मांडला. शिकवण्याचे साधन म्हणून या नकाशाची ताकद यातच आहे की त्याच्याशी वाद घालायचे पुरावे तो स्वतःच पुरवतो.

फूटपट्टीचा विषय निघाला म्हणून दुसरी चूक सांगतो. मिनार यांचे प्रमाण दर दहा हजार माणसांना एक मिलिमीटर असे आहे आणि मराठी सूचीत ते जसेच्या तसे उतरवले आहे. पण तक्ता मूळ पत्रकाहून बराच मोठा छापलेला आहे. मूळ पत्रकावर नेमानकाठची पट्टी सुमारे ४२ मिलिमीटर भरायला हवी. या तक्त्यावर ती दुपटीहून अधिक भरते. छापील प्रमाणाने मोजणाऱ्याला नेपोलियनच्या सेनेत नऊ-दहा लाख माणसे सापडतील. शब्दांत प्रमाण देण्याऐवजी एक लाख माणसांची रुंदी दाखवणारी छोटी पट्टी छापली असती, तर तक्ता कितीही वाढवला तरी ती बरोबरच राहिली असती. जेरोम आणि दावू या नेपोलियनच्या सेनानींच्या वेगळ्या गेलेल्या तुकड्या आपण मुख्य सेनेबरोबरच चालल्या असे सोयीसाठी धरले आहे, ही मिनार यांची प्रामाणिक टीपही मराठीत गाळली गेली आहे. ती हवी होती. नकाशाकाराने काय सोपे करून घेतले, हे विद्यार्थ्याला ठाऊक असले पाहिजे.

आणखी एक गोष्ट गाळली आहे, ती मला सर्वांत अधिक खटकली. मिनार यांच्या मूळ पत्रकावर नेपोलियनच्या वर दुसरा नकाशा आहे, कार्थेजचा सेनापती हानिबाल याचा. इसवी सनापूर्वी २१८ मध्ये त्याने स्पेनमधून निघून, आजच्या फ्रान्समधून, आल्प्स ओलांडून इटली गाठली; प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या नोंदीप्रमाणे तेथे पोहोचले ते २०,००० पायदळ आणि ६,००० घोडदळ. त्याचीही पट्टी भयंकर गळते. पण त्याच हिवाळ्यात त्रेबिया नदीकाठी त्याने रोमनांना हरवले, आणि ते थंडीचा उपयोग करून. आपल्या शिपायांना त्याने पोटभर खाऊ घातले, शेकोट्यांजवळ बसवले, अंगाला तेल लावायला दिले. रोमन सैन्याला मात्र डिवचून, न्याहारीशिवाय, गार नदीतून छातीभर पाण्यातून आपल्याकडे यायला लावले. आक्रमण करणाऱ्याचाही हिवाळा मित्र होऊ शकतो, फक्त त्याने त्याची तयारी केलेली असली पाहिजे. हे दोन नकाशे एकाखाली एक पाहिले तर मथळ्यातले म्हणणे टिकत नाही. जागा वाचवण्यासाठी वरचा अर्धा भाग कापला असेल तर ती काटकसर महाग पडली आहे.

आता उजवीकडच्या माहितीच्या चौकटीकडे येतो. तीत थंडीने संपवलेल्या आणखी तीन सेना दिल्या आहेत: स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स, १८४२ ची काबूलची माघार आणि १९४१ चे जर्मन आक्रमण. प्रत्येकीला जेमतेम तीन ओळी. चार्ल्सच्या नोंदीत १७०९ चा युरोपभर गाजलेला हिवाळा आहे, पण त्याआधी १७०८ मध्ये लेस्नाया येथे त्याच्या मदतीला येणारा रसदीचा मोठा तांडा रशियनांनी तोडला, हे नाही. रसदीची वाट न पाहता तो दक्षिणेकडे निघून गेला होता; हिवाळा त्यानंतर आला आणि पोल्ताव्हाची लढाई तर १७०९ च्या उन्हाळ्यात झाली.

काबूलची नोंद आपल्या वाचकासाठी सर्वांत महत्त्वाची असायला हवी होती, कारण त्या माघारीत मेलेल्यांत बहुसंख्य हिंदुस्थानी शिपाई आणि त्यांच्याबरोबरचे नोकरचाकर, बायका-मुले होती. ६ जानेवारी १८४२ रोजी सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बुणगे काबूलहून निघाले. एका आठवड्याने सेनेबरोबरचे डॉक्टर ब्रायडन जलालाबादला पोहोचले; त्या दिवशी तेथे पोहोचलेले ते एकटेच युरोपीय. चौकटीत इंग्रज सेना बर्फात गाडली गेली, एवढेच वाक्य आहे. खिंडींवर ताबा असलेल्या घिलझाई सरदारांचा तनखा इंग्रजांनी आदल्या वर्षी पैसे वाचवण्यासाठी कमी केला होता आणि मुलूख शांत झाला आहे अशी स्वतःची समजूत करून घेतली होती, हे त्या तीन ओळींत बसले असते. खिंडी बंद झाल्या त्या आधी माणसांनी, मग बर्फाने.

१९४१ बद्दल लिहिताना चौकट उणे तापमानाचे आणि गोठलेल्या रणगाड्यांचे वर्णन करते. ते खोटे नाही. परंतु २२ जूनला सुरू झालेले हे युद्ध थंडीपूर्वी संपेल अशीच जर्मन नेतृत्वाची खात्री होती, आणि हिवाळी कपड्यांची तजवीज संपूर्ण सेनेसाठी न करता विजयानंतर मागे राहणाऱ्या तुकड्यांपुरतीच केली होती. रशियन रेल्वेचे रूळ अधिक रुंद, त्यामुळे पुरवठा प्रत्येक मैलाला अडत होता. नोव्हेंबरअखेर जर्मनांचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सात लाखांहून अधिक झाले होते. मॉस्कोसमोरचा रशियन प्रतिहल्ला त्यानंतर, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. मिनार यांच्या बदामी पट्टीचीच ही दुसरी आवृत्ती आहे. आणि हिवाळा रशियाचा हक्काचा सेनापती असतो, या समजुतीला तर फिनलंडनेच उत्तर दिले आहे: ३० नोव्हेंबर १९३९ ला तिथे आक्रमण करणारी सेना सोव्हिएत होती, आणि सुओमुस्साल्मीच्या जंगलात स्कीवर फिरणाऱ्या संख्येने कमी असलेल्या फिन शिपायांनी तिच्या तुकड्या तोडून गोठवल्या. ती नोंद या चौकटीत असती तर वाचणाऱ्याला विचार करावा लागला असता.

मराठी तक्ता म्हणून माझी आणखी एक अपेक्षा होती. औरंगजेब १६४७ मध्ये शाहजादा असताना आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खहून परतला, तेव्हा हिंदुकुशच्या बर्फात मुघलांची हजारो माणसे आणि जनावरे गेली. तोच औरंगजेब १६८१ मध्ये बादशहा म्हणून खानदेश सुभ्याच्या राजधानीत, बुऱ्हाणपुरात, येऊन उतरला आणि तेथून दक्षिणेत असा शिरला की पुन्हा दिल्लीला परतू शकला नाही. येथे बर्फ नव्हता. डोगरा सेनापती जोरावर सिंह १८४१ मध्ये लडाखमधून पश्चिम तिबेटात उतरला, मानसरोवराच्या परिसरापर्यंत गेला आणि थंडीत मागची वाट बंद झाल्यावर १२ डिसेंबरला लढताना पडला. ही दोन उदाहरणे आपल्या इतिहासातली, आपल्या अभ्यासक्रमाजवळची आहेत. मॉस्कोपर्यंतची गावे मराठीत बिनचूक लिहिणाऱ्या संपादकांना ती सुचली नाहीत, याचे वाईट वाटते.

छपाईबद्दल थोडक्यात. कागद जाड असून वरून लॅमिनेशन आहे, वर-खाली लाकडी पट्ट्या आणि टांगण्यासाठी दोरी आहे. अक्षरे ठसठशीत आहेत. नद्यांची व गावांची नावे चार-पाच फुटांवरून वाचता येतात. बदामी रंग थोडा गुलाबी उतरला आहे, पण काळ्यापासून तो स्पष्ट वेगळा दिसतो. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा उजेड पडला की तापमानाची रेषा दिसेनाशी होते, म्हणून खिडकीसमोर किंवा दिव्याखाली तो लावू नये. पश्चिमेची भिंतही टाळावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अशा तक्त्यांच्या कडा सुटून वर वळतात. किंमत नऊशे रुपये, जी आकार पाहता वाजवी आहे. दुकानदारांची वागणूक अतिशय चांगली होती. एक लाकडी पट्टी सैल निघाली ती त्यांनी लगेच बदलून दिली.

शाळांना, वाचनालयांना आणि अभ्यासिकांना मी हा तक्ता घेण्याची शिफारस करतो, मात्र शिकवणारा माणूस जवळ असेल तरच. नुसता टांगून ठेवल्यास तो मथळ्यातली चुकीची समजूत पक्की करील. आम्ही मथळ्यावर कोरी पट्टी चिकटवली आहे, अंशांपुढे रोमर असे लिहिले आहे आणि बदामी पट्टीखाली २४ जून ते १४ सप्टेंबर या तारखा पेन्सिलीने मांडल्या आहेत. पुढच्या छपाईत हानिबालचा नकाशा परत घ्यावा, प्रमाण दाखवणारी पट्टी छापून द्यावी आणि आधी तक्ता घेतलेल्यांना दुरुस्तीच्या चिकटपट्ट्या वेगळ्या पुरवाव्यात, अशी विनंती दुकानदारांमार्फत प्रकाशकांना केली आहे.